उडत्या गाडीचं ॲव्हरेज

दवनीवाड्यातला माझा मिस्त्री कुठलीही नवी गाडी पाहिली की आधी ॲव्हरेज विचारतो. परवा मी त्याला मोबाइलवर उडत्या कारचा व्हिडिओ दाखवला. त्यानं पाना ठेवला, एका गिऱ्हाइकाच्या गाडीवरचं धानाचं पोतं उचलून माझ्या खांद्यावर दिलं.

"उभा राय."

मिनिटभरात माझे पाय लटपटले.

"जागेवरच हायेस, तरी दम लागून राह्यला ना? हवेत नुसतं थांबाले बी असाच दम लागते. सडकेवर गाडीचं वजन जमीन धरते. फुकटात!"

पटलं. पोतं उतरवून मी मोबाइल खिशात घालू लागलो.

"ठेवून कायले राह्यला? उडतानाचं पुन्हा लाव ना गा!"

चारदा लावलं. चारही वेळा गाडीनं जमीन सोडली, तसा तो चवड्यांवर उभा राहिला.