कुलूप नसलेलं दार

"ए बाई, वाचता येत नाही त लाइट कायले पाहिजे तुमाले? चिमणी लाव."

खिडकीतल्या बाबूनं असं म्हणून माझं बिल जाळीखालून बाहेर ढकललं. ते खाली पडलं. मी वाकून उचललं. रांगेतले लोक हसले.

मला वाचता येतं. सातवी शिकले आहे. नाव, गाव, रक्कम, सगळं वाचलं होतं. पण एका रकान्यात नुसतं 'एल' होतं. खाली इतर आकार, समायोजन, असलं काहीबाही. घरात दोन बल्ब आणि मायचं वाफेचं मशीन. तेवढ्यावर एवढं बिल कसं, एवढंच विचारायला मी तालुक्याला आले होते.

मायची छाती कापसानं खाल्ली. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात वेचणी. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा सांगितलं, आता फवारणी नको. कशाची नको? औषध मारलेल्या कपाशीच्या पराट्यांतून आम्हीच ओट्या बांधून फिरायचो. माय खाटेला लागली. वाफ घेतली की तिच्या जिवात जीव यायचा.

बिल भरलं नाही म्हणून वायर कापली. मी वायरमनच्या पाया पडले. हो, पडले. त्याचं वाईट वाटत नाही, राग येतो. त्याला त्या 'एल'चा अर्थ विचारला.

"एल म्हंजे लॉक. घराले कुलूप होतं. रीडिंग भेटलं नाही, म्हून अंदाजानं बिल."

कुलूप! आमचं दार म्हणजे तारेनं बांधलेला पत्रा. ना कडी, ना कोयंडा. आत माय दिवसभर पडलेली. रीडिंगवाला आमच्या बौद्धपुऱ्यात कधी आलाच नव्हता. चौकातल्या ओट्यावर चहा पीत तो आमची घरं बंद करायचा.

शेजारच्या शकीलाखालानं वाफ द्यायला मायला आपल्या घरी नेलं. "माही बी मायच हाय ते," म्हणाली आणि शिलाई मशीनचा प्लग काढून वाफेचं मशीन लावलं. पण दम लागला की दरवेळी मायला उचलून न्यायचं. ती माझ्या हातात पोत्यासारखी व्हायची. ओठ निळे पडायचे.

माझं डोकं फिरलं. तारा सोडल्या, पत्रा डोक्यावर घेतला आणि एसटीत चढले.

"हे काय आनलं व?" कंडक्टर ओरडला.

"दार," मी म्हणाले.

त्याच खिडकीला तो पत्रा टेकवला.

"सायेब, हे माह्या घराचं दार. याले कुलूप कुठं लागते, दाखवा."

या वेळी रांगेत कोणी हसलं नाही.

"बाजूले हो. उद्या ये," आतून आवाज आला.

"माही माय उद्यापावतर जगते का?"

मी हलले नाही. कार्यालय बंद होईपर्यंत दार तिथंच होतं. पुढं वायर जोडली. पण तेव्हा वाफ घ्यायला माय नव्हती.

आता आमच्या पुऱ्यात न समजणारं बिल कोणी मुकाट्यानं भरत नाही. आम्ही बाया मिळून जातो, एकेका रकान्याचा अर्थ मोठ्यानं विचारतो. सांगेपर्यंत खिडकी सोडत नाही. साध्या मराठीत छापा म्हणतो. छापेपर्यंत म्हणणार.

रीडिंगवाल्याला मी वेशीवर गाठते. आधी माझ्या घरात आणते. मायच्या रिकाम्या खाटेजवळ उभा करते आणि सांगते, "लिह्य. घर उघडं हाय."