हजेरीच्या वहीतल्या दोन दुपारी

मुरबाडच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी तिथल्या सेवा योजनेची गटप्रमुख होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या सरांचं एकच सांगणं असायचं: ज्याला स्वतःचा दिवस आखता येतो, त्याला पुढचं आयुष्यही आखता येतं. म्हणून प्रत्येकाला एक वही होती. रोज कुठल्या तासाला काय केलं ते त्यात लिहायचं, आणि शेवटच्या पानावर ‘पाच वर्षांनी मी’. माझ्या पानावर एम.ए., प्राध्यापकी, भाषणं असं पुष्कळ काही होतं. सरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

माझ्या गटात शहापूर रस्त्यावरच्या एका गावातली मुलगी होती. घरी भातशेती, बोलणं कमी. तिच्या शेवटच्या पानावर एवढंच होतं: ‘पदवी. मग तलाठ्याची परीक्षा. आमच्याकडं एका उताऱ्यासाठी लोक चार खेपा घालतात. मी एका खेपेत देईन.’ ते वाचून मला हसू आलं होतं.

त्या हिवाळ्यात म्हसा गावाजवळच्या एका खेड्यात आमचं सात दिवसांचं शिबिर लागलं. सकाळी ओढ्यावर मातीच्या पोत्यांचा बंधारा, दुपारी व्याख्यान, त्याच्या आधी-नंतर घरोघरी जाऊन पाहणी. प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक घरं. हजेरी माझ्याकडे होती. दोन सत्रं चुकली की शिबिर अपूर्ण, हा नियम. आणि शिबिर पूर्ण केलेल्यांनाच परीक्षेत वाढीव गुण मिळत.

नेमकी तेव्हाच म्हसाची जत्रा भरली होती. माझ्या मामेबहिणी आल्या होत्या, त्यांनी निरोप धाडला. मी त्या मुलीला म्हटलं, “दुपारी जाऊन येते जरा. पण माझी घरं राहिलीत.”

“जा गो तू,” ती म्हणाली. “तुझी घरं मी करते.”

“आणि तुझं व्याख्यान बुडेल त्याचं काय?”

“ता तू बघ. हजेरी तुझ्याकडंच हाय ना.”

दोन दुपारी मी जत्रेत हिंडले. पाळण्यात बसले, घोंगड्यांचे भाव केले, बैलबाजारात उगाच फिरले. त्या दोन दुपारी ती उन्हातून माझी घरं करत होती. संध्याकाळी भरलेले कागद माझ्या हातात द्यायची. अक्षर तिचं, खाली नाव माझं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी हजेरीची वही मागितली. गटप्रमुख म्हणून मी पाहणीवर देखरेख करत असणार, असं त्यांनी धरलं होतं. ती मात्र व्याख्यानात दिसली नव्हती.

“ही दोन्ही दुपारी कुठं होती?”

खरं सांगितलं असतं तर मी कुठं होते हेही सांगावं लागलं असतं.

“माहीत नाही, सर.”

त्यांना आश्चर्य वाटलं. “तशी वाटत नाही पोरगी,” ते म्हणाले, आणि माझ्यासमोर लाल पेनानं दोन फुल्या मारल्या.

कॉलेजच्या फळ्यावर यादी लागली तेव्हा ती माझ्याकडं आली. “अगो, माझं नाव नाय यात.”

“सरांना विचारून बघते,” मी म्हटलं. विचारलं नाही. स्नेहसंमेलनात मला उत्कृष्ट स्वयंसेविकेचं ढाल-प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती.

जूनमध्ये ती इंग्रजीत तीन गुणांनी राहिली. वाढीव गुणांत ते सहज भागलं असतं. घरच्यांनी वर्षभर थांब म्हटलं आणि त्या वर्षात तिचं लग्न लावून दिलं. हे मला मैत्रिणींकडून कळलं. मी तेव्हा तिसऱ्या वर्षाचा अभ्यास आखत होते.

पुढं मी शहापूरला शिकवायला लागले. तिथं विद्यार्थी उपक्रमांचं काम माझ्याकडंच आलं. वेळ कसा सांभाळावा, ध्येय कसं ठरवावं, हे मी दरवर्षी मुलांना सांगते. त्या भाषणात मी शिबिराचे अनुभवही सांगायचे.

तिच्या लग्नानंतर सात-आठ वर्षांनी ती शहापूरच्या एस.टी. स्टँडवर दिसली. तिनंच हाक मारली. आटगावकडं दिलेली, अंगणवाडीत मदतनीस. “तू मास्तरीण झालीस ना? बरं झालं गो,” म्हणाली. मनापासून म्हणाली, हे जास्त लागलं.

“त्या शिबिरात...” मी सुरुवात केली.

“ठावं हाय मला,” ती शांतपणे म्हणाली. “मी तवाच सरांकडं जानार होते. मंग म्हटलं, तू सांगशील.”

माझ्या तोंडून शब्द फुटला तो असा: “तुझी गाडी किती वाजता?”

तिनं वेळ सांगितली. गाडी लागली, तशी ती गेली. आटगाव शहापूरहून फार लांब नाही. मी अजून गेलेले नाही.