बाबांचं ताट

कॉलेजच्या पहिल्या वर्षी वार्षिक अंकासाठी मी बाबांवर लेख लिहिला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे आपलं लिहिणं तिथे शोभेल की नाही, याची धास्ती होती. भात निघाला की बाबा पेठकडच्या आमच्या गावातून वणीच्या बाजूला द्राक्षबागांत कामाला जात आणि काही महिने घरी नसत. मी लिहिलं, ‘पितृविरहाने आमचे अंतःकरण विदीर्ण झाले.’

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला लेख वाचून दाखवला. ती नागली, म्हणजे नाचणी, निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “कोण मेलं गं यात?”

“कोणी नाही. आपले बाबा कामाला जातात ना, तेच आहे.”

“मग तसं लिही की. एकदा त्यो कामाला गेला, त्या सांजेला तू त्याचं ताट मांडलंस. लहान होतीस. मी उचललं नाय. राहू दिलं तसंच.”

मला हे आठवतही नव्हतं. पण ती बोलली आणि बाबांची रिकामी जागा मला चुलीशेजारी दिसली. माझ्या पानभर मजकुरात ती कुठेच नव्हती. मी सगळं खोडलं आणि आई जसं बोलली तसं लिहिलं.

अंक छापून आला तेव्हा बाबा बागांतच होते. कॉलेजसाठी घेतलेल्या इंदिरानगरच्या खोलीवर मी ते पान एकटीनेच वाचलं. वाचताना आईचाच आवाज ऐकू येत होता. मग जेवायला ताट घेतलं, तर हात आपोआप मांडणीवरच्या दुसऱ्या ताटाकडे गेला.