भट्टीची काडी

"ठेव तिथंच वाळूवर. त्याचं तो बांधंल."

मालक एवढंच बोलला. शिपायाच्या हातातल्या फेट्याकडं त्यानं बघितलं न्हाई, माझ्याकडं बी न्हाई. तसाच म्होरं गेला.

खंडेनवमीचा दिवस हुता. कुपवाडच्या रस्त्याला आमचा कारखाना, लोखंडाचा रस ओतून पंपाचे भाग करणारा. त्या दिवशी काम बंद. मशिनी धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, हत्यारं पुजायची. पूजा झाली की मालकानं समद्या खात्यांच्या मिस्त्र्यांना आवारात रांगेनं उभं करायचं आन् स्वताच्या हातानं एकेकाला फेटा बांधायचा. ही तिथली रीत. हापिसातनं कुणाला मिस्त्री केलंय हे कामगार इचारत न्हवते. ज्याच्या डोस्क्याला मालकाचा हात लागला त्यो मिस्त्री. त्याचं ऐकायचं, बाकीच्यांचं न्हाई.

माझ्या आधीच्यांना बांधला. गंध लावला. पाठीवर थाप मारली. एकाला इचारलं, "काय रं, सून नांदती का बरी?" माझ्यापाशी आला आन् हात मागं घेतला. माझं डोस्कं त्याला आडवं आलं. म्हाराचं डोस्कं.

शिपायानं फेटा साच्याच्या काळ्या वाळूच्या ढिगावर ठेवला. मागनं कुणीतरी फिसकन हसलं. म्हणलं, "म्हाराला फेटा, आन् गावात बोभाटा!" मग चारजणं हसली. माझ्याच खात्यातली.

मी फेटा उचलला न्हाई. कान नुसते तापल्याले. वाटलं, हितंच उभ्या उभ्या भुई दुभंगावी. पर भुई कशाला दुभंगती? भुई बी मालकाचीच हुती.

माझं गाव साताऱ्याकडचं. मिसरूड फुटायच्या आधी सांगलीला आलो, भट्टीखात्यात लागलो. वाळू चाळली, साचं केलं, रसानं पाय भाजून घेतलं. जुना मिस्त्री होळीच्या आधी छातीच्या दुखण्यानं गेला आन् खातं उघडं पडलं. त्याच सुमाराला मालकानं पुण्यास्नं एक नवा साहेब आणला हुता, माणसांचं बघायला. पर्सोनेल ऑफिसर. पांढराधोट शर्ट, बोलणं साखरंत घोळल्यालं. दर शनवारी आमाला एका खोलीत बसवायचा आन् फळ्यावर खडूनं लिहून शिकवायचा, "नेतृत्व म्हणजे हुकूम सोडणं नव्हे. नेतृत्व म्हणजे माणसं जिंकणं." मी म्होरं बसायचो. मला लय आवडायचं ते. त्यानंच मला मिस्त्री केलं. म्हणला, "तुझ्यात लीडरशिप आहे."

घरी जाऊन बाला सांगितलं. बा म्हणला, "म्हंजी काय रं?"

"म्हंजी म्होरक्या."

बा हसला. "आपल्याला कोण म्होरक्या करतंय? आन् केलंच तर सोडू नगंस."

तर खंडेनवमीला, त्या हसण्यातनं, साहेबानं मला हाताला धरून केबिनीत नेलं. खुर्ची दिली. च्या मागवला. म्हणला, "फेट्याचं मनावर घेऊ नकोस. मालक जुन्या वळणाचे आहेत. मिस्त्री तूच आहेस. फक्त परवा भट्टीला काडी शंकर लावेल."

दसरा झाला की कारखान्याच्या नव्या वर्साची पहिली भट्टी पेटायची. समदा कारखाना काम टाकून बघाय यायचा. मालक काडेपेटी द्यायचा आन् भट्टीखात्याच्या मिस्त्रीनं काडी लावायची. दुसऱ्या कुणी न्हाई. आन् शंकर म्हंजी माझ्याच हाताखालचा गडी. कुपवाडच्या पाटलाच्या भावकीतला. साचा कसा भरायचा हे मीच त्याला शिकवल्यालं.

मी म्हणलं, "मग मी काय करू?"

"तू शेजारी उभा राहा. पंखा कधी सोडायचा, रस कधी काढायचा, ते तूच सांगायचं. काम सगळं तुझंच."

"काम माझं आन् हात त्याचा?"

साहेब हसला. समजूतदार हसला. "अरे, तुम्ही बौद्ध ना? देवधर्म, पूजा तुम्ही मानतच नाही. मग यात अपमान कसला?"

ह्याला म्हणत्यात शिकल्यालं डोस्कं! माझ्या बानं ज्या धर्मानं मान ताठ केली, त्योच धर्म ह्यो माझ्या मानंवर जू म्हणून ठेवाय निघाला.

मी म्हणलं, "साहेब, पूजा तुमची. नारळ तुमचा, गंध तुमचं. त्यातलं मला कायबी नगं. पर भट्टी पेटवणं ही पूजा न्हाई, काम हाय. होळीपास्नं दर खेपेला मीच पेटवतुय. तवा न्हाई व्हय इटाळ झाला?"

"रोजचं वेगळं. त्या दिवशी सगळे बघतात."

ह्ये मातर त्यो खरं बोलला. एरवी अंधारात माझा हात चालतुय. लोकांच्या डोळ्यांम्होरं चालत न्हाई. मग फळ्यावरचं पाठ केल्यालं बोलाय लागला. "माणसांच्या भावना सांभाळणं हेच नेतृत्व."

"आन् माझ्या भावना कुणी सांभाळायच्या?"

त्यानं घड्याळाकडं बघितलं. च्या गार झाला हुता. मी त्याला हात न लावता उठलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. गावाकडं गेलो. आमच्या वस्तीत त्या दिवशी सोनं वाटत न्हाईत. निळा झेंडा लागतो, वंदना हुती. मी ल्हान असताना अशाच एका दसऱ्याला बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला हुता, आन् आल्या आल्या त्यानं मेल्याली ढोरं वढायचं काम टाकलं. गावानं दुकान बंद केलं. मीठ मिळंना. आमी आळणी भाकरी खाल्ली, कितीतरी दिस. ती चव आजून माझ्या जिभंवर हाय.

बाला समदं सांगितलं. बोलता बोलता मी बाहीनं डोळं पुसलं. बा खवळला. "फेटा न्हाई बांधला म्हणून रडतुयास व्हय रं? ढोरं टाकली तवा मी कुणाला इचाराय गेलतो?" मग म्हणला, "त्यांनी काय द्यायचं ते त्यांच्या हातात. तू काय सोसायचं ते तुझ्या हातात हाय."

भट्टीचा दिवस उजाडला. समदा कारखाना गोळा झाल्याला. मालक खुर्चीत. साहेब त्याच्या खांद्याशी. आन् शंकर आला. त्याच्या डोस्क्याला माझा फेटा. त्योच, वाळूतला. झटकून बांधला हुता, पर काळा डाग तसाच. मालकानं उठून त्याच्या हातात काडेपेटी दिली. शंकर माझ्याकडं बघंना. काडी वढली, लाकडाला लावली. टाळ्या पडल्या.

लाकूड पेटलं, कोळसा धरला. आता पंखा सोडायचा. त्यो सोडायचा तर मिस्त्रीनं हाळी द्यायची, "सोड वारं!" पंख्यावरचा गडी माझ्या तोंडाकडं बघत उभा. शंकर बघाय लागला. मालक बघाय लागला. हात नगं हुता त्यांना माझा. तोंड पायजे हुतं.

मी तोंड उघडलं न्हाई.

साहेब जवळ येऊन कानात म्हणला, "सांग ना. तमाशा नको."

मी मोठ्यानं म्हणलं, समद्यांना ऐकू जाईल असं, "ज्यानं काडी लावली त्यो मिस्त्री. त्यालाच इचारा."

कुणी हसलं न्हाई आता. मालक ताडकन उठला. "माजलास व्हय रं? हटवा ह्याला भट्टीवरनं!" मग टर्नरखात्याच्या मिस्त्रीनं हाळी दिली आन् पंखा सुटला. भट्टी पेटली, रस बी निघाला. माझ्यावाचून त्यांचं कायबी आडलं न्हाई. आडंल असं मला वाटलं बी न्हवतं. त्यांचं आडावं म्हणून मी गप बसलोच न्हवतो. मला माझ्याच आवाजाची लाज वाटाय नगं हुती.

जेवणाच्या सुट्टीत शंकर आला. फेटा काढून बगलंत धरल्याला. "माझा इलाज न्हवता गड्या. न्हाई म्हणलो असतो तर मला काढला असता."

मी म्हणलं, "व्हय. काढला असता." एवढंच. त्यो आजून काहीतरी बोलाय थांबला हुता, पर मला त्याचं समाधान करायचं न्हवतं. त्याच्या मनाची टोचणी त्यानं त्याच्या घरी न्यावी.

सांजच्याला साहेबानं बोलावलं. मिस्त्रीपद गेलं, म्हणला. उद्यापास्नं पुन्ना साचं भरायचं. मग दार लावून घेतलं आन् आवाज खाली आणला. "तुझ्यासारखा माणूस वाया जावा असं मला वाटत नाही. शिरवळला मालकांचा नवा कारखाना निघतोय. तिथं मिस्त्री म्हणून जा. फेटा, काडी, सगळा मान मिळेल. मालकांना मी पटवतो. तिथं तुला कोण ओळखतंय? फक्त आडनाव बदल. गावाच्या नावाला 'कर' लाव, झालं."

खोटं कशाला बोलू? मन हाललं माझं. हमरस्त्यावरचं गाव, नवी भट्टी, समद्यांम्होरं हातात काडेपेटी. पोरांना मिस्त्रीची पोरं म्हणतील. समदं डोळ्याम्होरनं गेलं. आन् मग बा दिसला. पोराला भेटाय शिरवळला आल्याला, कारखान्याच्या गेटावर उभा. ह्या माणसानं आमाला आळणी भाकरी खाऊ घातली, पर मान खाली घालू दिली न्हाई. त्याला मी काय सांगणार हुतो? बा, हितं जयभीम म्हणू नगंस? हितं माझा बाप म्हणून सांगू नगंस? खुर्चीचा हात मी घट्ट धरला, न्हाईतर त्या पांढऱ्याधोट शर्टाला धरलं असतं.

"साहेब," मी म्हणलं, "मला वळखत न्हाईत तिथं मोठं करताय व्हय मला? मग मोठा कोण हुणार? मी, का तुमचा त्यो 'कर'?"

"तुझ्या भल्याचं सांगतोय मी."

"न्हाई. तुमी तुमच्या सोयीचं सांगताय. मला वळखत न्हाईत तिथं मला मिस्त्री व्हायचं न्हाई. मला वळखत्यात तिथंच व्हायचंय. ह्याच आवारात. ह्याच आडनावानं."

"या जन्मात होणार नाही ते."

"तुमच्या हातानं न्हाई हुणार. ठावं हाय मला."

दार उघडून भाईर आलो. पाळी सुटल्याली, माणसं सायकली काढत हुती. मी मधनं चालत गेलो, वाट सोडली न्हाई कुणासाठी.

आज बी साचंच भरतुय. मिस्त्रीची जागा त्यानंतर दोनदा निघाली, दोन्ही खेपंला मी केबिनीत जाऊन माझं नाव सांगितलं, आडनावासकट, भाईरच्यांना ऐकू जाईल असं. दोन्ही खेपंला न्हाई म्हणले. पुन्ना निघंल. पुन्ना जाणार. न्हाई म्हणायचं तर माझ्या तोंडाकडं बघून, माझं पुरं नाव घेऊन म्हणा. तेवढं तरी मी तुमच्याकडनं दर खेपंला करून घेणार हाय.