थांबा सर आणि सुताची गाठ

आमच्या सरांइतका भित्रा माणूस मी पाहिला नाही, आणि मानेची त्यांच्याइतकी जाण असलेलाही नाही. सोलापुरात फिजिओथेरपी शिकताना आम्ही त्यांना ‘थांबा सर’ म्हणायचो. पेशंटच्या मानेकडे कुणाचा हात गेला, की मागून आवाज यायचाच, “थांबा.”

आधी आपले दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, हा त्यांचा नियम. पेशंट चालत कसा येतो, कुठला खांदा वर आहे, पाठ कुठून वाकलीय, हे बघायचं. मग विचारायचं. मग मान त्याची त्यालाच वळवू द्यायची. आपला हात सगळ्यात शेवटी. “कंबर चुकली तर माणूस शिव्या देतो,” ते म्हणायचे, “मान चुकली तर शिव्या द्यायलाही उठत नाही.” आम्ही हसायचो. त्यांच्या नकला करण्यात मी पुढे असायचे.

त्यांच्या खिशात सुताचा एक छोटा गुंडा असे. चादरीच्या कारखान्यातले कामगार आमच्याकडे फार येत. सर सुताची दोन टोकं पेशंटपुढे करून त्याला गाठ मारायला सांगत. मला तो पोरखेळ वाटे.

एका सकाळी यंत्रमागावरचे एक मामा आले. मान आखडलेली, पाठीत फऱ्यांच्या मधे कळ. सर अजून यायचे होते. मी हात मागे बांधले, पण नावापुरतेच. एका झटक्यात मान मोकळी करून दाखवायची मला हौस होती. मामांची हनुवटी माझ्या तळहातात आली, तेवढ्यात दारातून “थांब” ऐकू आलं. सरांनी मामांच्या हातात सूत दिलं. तुटलेला धागा न बघता जोडणारा माणूस तो, पण त्यांची बोटं टोकांवरून घसरत राहिली. “हाताला काय झालंय कळंना,” मामा म्हणाले, “चप्पलबी पायातनं निसटतीया.” मानेत मज्जारज्जू दाबला जात होता; हातापायांचा ताबा त्यामुळेच सुटत होता. सरांनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की मी झटका दिला असता तर मामा कदाचित चालत घरी गेले नसते. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. अजूनही मानेला हात लावण्याआधी मी पेशंटच्या हातात सूत देते.

आता माझं स्वतःचं क्लिनिक आहे. निवृत्त झालेले थांबा सर गेल्या महिन्यात तिथे आले. पाय फाकवून, जमीन चाचपत चालत होते. हात पाठीमागे. जुनी सवय, अशी मी स्वतःची समजूत घातली. मान जरा भरून येते, म्हणाले. मी ड्रॉवरमधून सूत काढलं.

“ते नको काढू गं.”

मग त्यांनीच हात पुढे केले. टोकं चार वेळा एकमेकांना चुकली, पाचव्यांदा सूत खाली पडलं. मी ते उचललं नाही. उचललं असतं तर परत द्यावं लागलं असतं.

कधीपासून, म्हणून विचारलं तर म्हणाले, “दिवाळीपासून. रोज घरी करून बघतोय की.” म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी ते घरी बसून राहिले होते. मला सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. सर्जनसाठी चिठ्ठी लिहिताना अक्षर वेडंवाकडं आलं. सरांनी ते पाहिलं.

“घाबरलीस?”

“हो, सर.”

“मीपण,” ते म्हणाले. “लई.”

निघताना त्यांच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण उघडंच होतं. दोनदा प्रयत्न करून त्यांनी सोडून दिलं. मी हात पाठीमागे बांधून उभी होते.

“आता लाव की हात,” सर म्हणाले.