आज नको

पार्लरमध्ये शेजारच्या खुर्चीवर नुकतंच लग्न झालेली मुलगी वॅक्सिंग करून घेत होती. "दुखतंय ताई, पण ह्यांना आवडतं. नाहीतर बघतील दुसरीकडे."

मला माझी पहिली वर्षं आठवली. नवरा दुरावेल या भीतीने, त्याने जवळ घेतलं की मी कधीच नाही म्हणत नसे. एका रविवारी दुपारी मात्र अंग इतकं मोडून आलं होतं की तोंडातून निघूनच गेलं, "आज नको."

तो उशीवर डोकं टाकत म्हणाला, "सुटलो! मीही दमलोय गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हतो."

दोघंही पोट धरून हसलो. आता मी हो म्हणते तेव्हा मलाच हवं असतं, आणि पुष्कळदा हात आधी माझाच पुढे होतो.