बाबांच्या पिकअपच्या टाकीवरची चिंधी

बाबांची पिकअप भंगारात जाणार नाही.

ज्यांनी ज्यांनी सकाळपासून फोन केले, त्या सगळ्यांना हे एकच उत्तर.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं.

लग्नाची भांडी भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. अर्ध्या मानपाड्याच्या हळदीचे टोप ह्याच गाडीतून गेलेत. आता शेतावर बिल्डरचा टॉवर आला, दादाकडे मोठी गाडी आली, आणि पार्किंगमध्ये पिकअप दिसली की घरच्यांना लाज वाटते.

वाटू दे.

दसऱ्यानंतर गाडी रस्त्यात बंद पडायला लागली. सुरू मस्त व्हायची. थोडं लांब गेली की आचके देऊन गप. जरा वेळ थांबलं की परत चालू.

दादा म्हणाला, "पंप गेला. आज जेवणं आटपली की भंगारवाला येतोय."

काकीने डोळ्यांना पदर लावला. "मालक गेला, गाडीनं पन मान टाकली गो."

माझं डोकंच सटकलं. गाडी काय सुतक पाळते?

गाडी शिकवताना बाबा सांगायचे, "अगो, इंजनला शिव्या मंग दे. पयले त्याला खायला भेटतंय का बघ. टाकीपासून सुरू कर."

म्हणून वर्षश्राद्धाच्या जेवणाचे भरलेले टोप आचाऱ्याकडून आणायला मीच निघाले. नवी साडी नेसून. दादा बाजूला तोंड फुगवून बसलेला.

कोपरला जाताना भर पुलावर गाडी बंद. मागे हॉर्नची बोंबाबोंब.

मी खाली उतरले. दादाकडून टाकीची चावी घेतली, टाकीचं झाकण उघडलं.

फुस्स!

टाकीने केवढी हवा आत ओढली. स्टार्टर मारला. पहिल्या झटक्यात चालू!

"दादा, हे झाकण कधी बसवलंस?"

"दसऱ्याला, पूजेच्या वेळी. बाबांची गाडी चांगली दिसायला नको? लॉकवालं आहे. एकदम टाइट."

टाइटच होतं रे बाबा. डिझेल संपत जाणार, त्याच्या जागी हवा आत जायला वाटच नाही, मग इंजिनापर्यंत डिझेल पोचणार कसं?

बाबांनी मोडक्या झाकणावर लुंगीची चिंधी बांधलेली. तिच्यातून हवा जायची. आम्ही हसायचो, टाकीला मुंडासं म्हणून. दादाने प्रेमाने ती चिंधी फेकली आणि प्रेमानेच गाडीचा गळा आवळला.

घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं.

आई उठून आत गेली. बाबांची चौकटीची लुंगी घेऊन आली. वर्षभर कोणाला हात लावू दिला नव्हता त्या लुंगीला.

टर्रकन फाडली.

"घे. बांध."

दादाने नवं झाकण काढून टाकीच्या तोंडावर बांधली. बांधताना रडला. मग भंगारवाल्याला फोन लावून म्हणाला, "येऊ नको."

बाबा, इंजिन पोटभर खातंय. उद्यापासून टोप घेऊन मी जाणार, तुमच्याच सीटवर बसून. ज्यांना लाज वाटते त्यांनी दुसरीकडे बघावं.

फार आठवण येते हो.

नमस्कार करते, बाबा.